चोर्ला घाट आणि उजवीकडचा गिअर

शहापूरच्या आमच्या बोळात काकांची बुलेट सुरू झाली की दोन-तीन घरांत दिवे लागतात. जवळजवळ चाळीस वर्षं हे चाललंय, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही. उलट एखाद्या दिवशी आवाज आला नाही, तर समोरच्या आजी विचारतात, "आज गावाला गेलाय काय गं तुझा काका?"

गेल्या नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी मात्र गाडी सुरू व्हायला वीस मिनिटं लागली, कारण किक मी मारत होते. वर्षापूर्वी काकांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, पण किकला सक्त मनाई. काका ओट्यावर बसून सूचना देत होते.

"हळू गं मनू. आधी किक दाब, अडकली की थांब. आता डावीकडचा डिकॉम्प्रेसर ओढ, अजून थोडी खाली दाब. ॲमीटरचा काटा मधोमध आला काय? हां. लिव्हर सोड, किक वर येऊ दे. आता मार, सगळं वजन घालून. पाय सैल ठेवू नकोस, उलटी मारते बघ."

नवव्या की दहाव्या किकला तो ओळखीचा आवाज बोळात घुमला. काकू पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. "पोटभर ऐकून घेतो बाई," त्या म्हणाल्या, "पुन्हा हा आवाज दारात कुठला!"

(पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : आमच्या बेळगावात बायकाही 'घेतो', 'जातो', 'येतो' असंच म्हणतात. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत मी "जेवून येतो" म्हटलं की टेबलावर हशा पिकायचा. तो किस्सा पुन्हा कधीतरी.)

काकू तसं म्हणाल्या, कारण गाडी विकायची ठरली होती.

काकांची उद्यमबागेत लेथ होती. बेळगावच्या फौंड्र्यांतून आलेली ओतकामं घासून-कापून सुटे भाग बनवायचे, हा त्यांचा जन्माचा धंदा. धंद्यात पहिले पैसे शिल्लक पडले तेव्हा, १९८६ साली, त्यांनी ही ३५० ची बुलेट घेतली. काळी, टाकीवर सोनेरी रेघा. काकूंना लग्नानंतर सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला नेलं ते हिच्यावरून. मला शाळेत सोडलं तेही हिच्यावरून. आता काका सदुसष्टचे झाले. चुलतभाऊ बेंगळुरूत असतो, त्याला गाडीचं वेड नाही. तेवढ्यात पुण्याच्या एका गृहस्थांनी चांगली किंमत देऊ केली. त्यांचा कॅफे आहे आणि तिथे जुन्या मोटरसायकली मांडून ठेवायची त्यांना हौस. अट एकच, गाडीत सगळं मूळचं हवं. ते मेळाव्यासाठी वागातोरला येणार होते. दर नोव्हेंबरात रॉयल एनफिल्डवाल्यांचा गोव्यात मोठा मेळा भरतो. पूर्वी त्याला रायडर मेनिया म्हणायचे, आता मोटोव्हर्स म्हणतात. "तिथेच गाडी बघतो, तिथेच टेम्पोत घालतो," असं ते फोनवर म्हणाले.

"टेम्पोत नंतर घालू देत," काका म्हणाले, "गोव्यापर्यंत ती आपल्या चाकांनी जाईल."

सोबतीला मी, माझ्या मीटिअरवर. ती मी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून, वापरलेली घेतली. एनफिल्डची थंडरबर्ड ही क्रूझर बंद झाली आणि तिच्या जागी २०२० च्या नोव्हेंबरात मीटिअर आली. क्रूझर म्हणजे लांबच्या रस्त्यावर पाय जरा पुढे टाकून निवांत बसून जायची गाडी. सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटर, त्यामुळे माझ्यासारख्या सव्वापाच फुटीचे दोन्ही पाय टेकतात. काका तिला पहिल्या दिवसापासून 'शिवणयंत्र' म्हणत आले आहेत.

बेळगावातून चोर्ल्याला निघायचं तर खानापूर रस्त्यावर पिरनवाडीला उजवीकडे वळायचं. मग किणये, कुसमळी आणि जांबोटी. कुसमळीला मलप्रभेवरचा पूल लागतो. नोव्हेंबरात नदीवर धुकं तरंगत असतं आणि भातकापणी झालेल्या शिवारातून ओल्या पेंढ्याचा वास येतो. काका पुढे, मी मागे. त्यांच्या गाडीचा आवाज मला हेल्मेटमधूनही ऐकू येत होता. माझ्या गाडीचा आवाज मला स्वतःलाच शोधावा लागत होता.

कॅम्पातल्या रस्त्यांवर मिलिटरीच्या बुलेट बघत मोठी झालेली आमच्या काकांची पिढी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आमच्याच गावात, त्यामुळे बुलेट म्हणजे फौजी गाडी हे बेळगावकरांना वेगळं सांगावं लागत नाही. खरं तर ही गाडी हिंदुस्थानात राहिली ती फौजेमुळेच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्याला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी टिकाऊ मोटरसायकल हवी होती आणि त्यांनी इंग्लंडच्या रेडिच गावातल्या कारखान्याची बुलेट निवडली. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. आधी नुसती जोडणी, मग हळूहळू सगळे भाग इथेच. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. आईचं घर मोडलं आणि लेकीनं नाव चालवलं, तसं काहीसं.

जांबोटीपासून जंगल सुरू होतं. रस्ता चढत-वळत कणकुंबीला पोचतो. बेळगावापासून हे अंतर पन्नासेक किलोमीटर. इथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. हे पाणी पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळतं. आणि इथून थोडंसं पश्चिमेला पडलेला पाऊस म्हादईतून अरबी समुद्रात जातो. लहानपणी काका मला इथे आणून सांगायचे, "एक थेंब इकडे पडला तर बंगालच्या उपसागराला, हातभर तिकडे पडला तर गोव्याला." हातभर म्हणजे त्यांची अतिशयोक्ती, पण चोर्ल्याच्या त्या माळावर उभं राहिलं की ती खरी वाटते.

कणकुंबीच्या पुढे रस्त्याकडेला चहाच्या टपऱ्या आहेत. मेळाव्याच्या दिवसांत तिथे मोटरसायकलींची रांग लागते. आम्ही थांबलो तेव्हा आठ-दहा गाड्या होत्या. निपाणीचे दोघे भाऊ नव्या बुलेटवर. धारवाडची एक मुलगी क्लासिकवर. आणि मडगावचे एक निवृत्त बँक अधिकारी, त्यांच्याकडे वीस वर्षांपूर्वीची थंडरबर्ड. सासुरवाडी बेळगावची, त्यामुळे त्यांचं मराठी आमच्याइतकंच आमचं होतं.

काकांची गाडी बघून सगळे उठून आले. कुणी टाकीवरून हात फिरवला, कुणी ॲमीटरचा फोटो काढला. आणि मग तो वाद सुरू झाला. चार बुलेटवाले भेटले की तो होतोच, म्हणजे नव्या गाडीला बुलेट म्हणायचं की नाही.

"गाडी झकास आहे," निपाणीचा मोठा भाऊ आपल्याच गाडीकडे बोट दाखवत म्हणाला. "पण सिग्नलला उभी असली तर चालू आहे की बंद, कळत नाही. बुलेट उभी असताना आरसा थरथरायला पाहिजे की नको?"

"नको," धारवाडची मुलगी म्हणाली. "आरशात मागचं दिसायला पाहिजे. शंभर किलोमीटर गेल्यावर माझी बोटं माझी मला जाणवायला पाहिजेत. आमच्या पप्पांच्या जुन्या गाडीवरून उतरलं की अर्धा तास हात झिणझिणायचे."

मडगावच्या गृहस्थांचं दुखणं वेगळं होतं. "पळय, थंडरबर्ड २००२ त आली तेव्हा आम्हाला शिव्या घातल्या लोकांनी. उंच हँडल, पायरीची सीट, डावीकडे पाच गिअर, इंजिनसुद्धा नवं. म्हणायचे, ही कसली एनफिल्ड? आता ती गेली आणि तेच लोक म्हणतात, थंडरबर्ड ती थंडरबर्ड! ही मीटिअर नको."

सगळे माझ्या गाडीकडे बघायला लागले. मी चहात लक्ष घातलं.

काका इतका वेळ गप्प होते. लेथवरचा माणूस बोलायच्या आधी माप घेतो. मग त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाखवायला सुरुवात केली.

"हे बघा. ही माझी गाडी. सिलिंडर बिडाचा. पिस्टन सत्तर मिलिमीटर रुंद आणि वर-खाली जातो नव्वद. म्हणजे अरुंद विहीर आणि लांब दोर. खाली जड चाक फिरतंय. एकच दणका, पण मोठा आणि सावकाश. म्हणून डुग-डुग ऐकू येतं. आवाज कुणी मुद्दाम घातलेला नाही, तो त्या मापातून आलाय. नव्या इंजिनात बहात्तर आणि पंच्याऐंशी पॉइंट आठ. विहीर रुंद केली, दोर कमी केला. वर एक तोलाचा दांडा फिरवला, पिस्टनच्या दणक्याला उलटा दणका देणारा. मग थरथर कुठली राहणार? मापं बदलली की आवाज बदलणारच."

"पण बदलली कशाला?" निपाणीच्या धाकट्यानं विचारलं.

"धुरानं," काका म्हणाले. "२०१७ ला बीएस-फोर आलं, २०२० ला बीएस-सिक्स. माझी गाडी जेवढं तेल ओकते तेवढं आता कुणी ओकू देणार नाही, आणि देऊ पण नये. किक मात्र गुडघ्यांनी घालवली. गिऱ्हाइकं सगळी माझ्यासारखी म्हातारी झाली असतील."

सगळे हसले. हशा ओसरल्यावर धारवाडची मुलगी म्हणाली, "काका, मूळ, मूळ म्हणतात सगळे. मूळ बुलेट म्हणजे नक्की कुठली? नाव १९३२ चं. १९४९ मध्ये मागे सस्पेन्शन घालून ती नवी केली. मग मद्रास. मग २००९-१० च्या सुमाराला इंजिन आणि गिअरची पेटी एकाच कवचात आली. मग २०२३. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालंच असेल की, संपली बुलेट."

मला वाटलं आता काका अडकले. पण त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

"मूळ म्हणजे उजव्या पायाचा गिअर," ते म्हणाले. "बाकी सगळं बदला. माझी हरकत नाही. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. पहिला वर, बाकी तीन खाली. आणि टाच मारली की वरच्या गिअरांतून थेट न्यूट्रल. इंग्रजी गाड्या अशाच होत्या. अमेरिकेनं सत्तरच्या दशकात कायदा केला, गिअर डावीकडेच पाहिजे. मग सगळं जग तिकडे गेलं. बुलेट तेवढी राहिली, दोन हजार साल उलटल्यावरही काही वर्षं राहिली. नंतर तीही गेली. ज्या दिवशी गेली त्या दिवशी माझ्या लेखी संपली."

कुणी काही बोललं नाही. मडगावकरांनी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि जो तो हेल्मेट चढवायला लागला.

आम्ही निघायच्या तयारीत होतो तेव्हा काकांनी मला बाजूला बोलावलं. "गुडघा भरून आलाय. घाटात सारखा गिअर बदलावा लागतो, सगळं उजव्या पायावरच येतं. पुढचं तू घेतीस काय?"

तिळकवाडीच्या लेले मैदानावर मी त्यांची गाडी दोन-चार वेळा फिरवली होती. मैदानावर गाई-म्हशी नसतात, वळणं नसतात, उतारही नसतो. पण काकांनी चाळीस वर्षांत ती गाडी कुणाच्या हातात दिली नव्हती आणि आज तिचा शेवटचा दिवस होता. मी 'नाही' म्हणाले नाही.

किक या वेळी तिसऱ्यांदाच लागली. काका शिवणयंत्रावर बसले, बटण दाबलं आणि माझ्या मागे निघाले.

पहिले काही किलोमीटर मी स्वतःशी पुटपुटत होते, 'उजवा गिअर, डावा ब्रेक.' मग घाटमाथा आला. डावीकडे सह्याद्रीचे हिरवे-पिवळे कडे, खाली गोव्याची झाडी, रस्त्यावर कोवळं ऊन. तिसऱ्या गिअरात इंजिन सावकाश दणके देत होतं आणि प्रत्येक दणका सीटमधून पाठीपर्यंत पोचत होता. काकांना काय वाटत असेल ते मला पहिल्यांदाच कळलं. आणि पुटपुटणं केव्हा थांबलं ते कळलं नाही.

उतारावरच्या एका वळणानंतर रस्त्याच्या मधोमध गाय उभी होती.

मी दाबला तो उजवा पाय. पूर्ण जोरानं. माझ्या गाडीवर उजवा पाय म्हणजे मागचा ब्रेक. इथे तो गिअर, आणि काकांच्या गाडीत खाली दाबलं की वरचा गिअर पडतो. तिसऱ्यातून गाडी चौथ्यात गेली. इंजिनाचा जो काही अटकाव होता तो सुटला आणि गाडी थांबायच्या ऐवजी सैल होऊन उताराला लागली. मी पुन्हा दाबलं. पाय दगडावर दाबल्यासारखा. पुढचा ब्रेक हातानं आवळला तसं हँडल डगमगलं. गाय शांतपणे माझ्याकडे बघत होती. मी डावीकडे घातली, गटाराच्या कडेच्या वाळल्या गवतात चाक घुसलं आणि कठड्याच्या दगडापासून वीतभर अंतरावर गाडी बंद पडली.

मागून टायर घासल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर माझी मीटिअर रस्त्यात तिरकी उभी होती आणि काकांचा उजवा हात ब्रेकवर घट्ट होता.

गाय निघून गेली. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग गाड्या हळूहळू खाली नेल्या. खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागतं तिथे कडेला उभ्या केल्या आणि दगडावर बसलो. निळंशार पाणी, मध्ये बेटासारख्या टेकड्या, पलीकडे केरीकडे जाणारा रस्ता. हा देखावा पाहायला लोक मुद्दाम येतात. मला त्या दिवशी तो दिसत होता, पण माझे हात अजून कापत होते.

"चुकलं काका," मी म्हणाले. "तुमची गाडी आज—"

"गाडीचं सोड," काका म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मी पण डावा पायच दाबला."

मला आधी कळलं नाही.

"तुला गवतात जाताना बघितलं आणि डावा पाय दाबला. चाळीस वर्षं ब्रेक तिथेच आहे. तुझ्या गाडीत तिथे गिअर. खालचा गिअर पडला, मागचं चाक घासलं. हातातल्या ब्रेकला ते एबीएस आहे म्हणून घसरलो नाही." त्यांनी गुडघा चोळला. "ऐन वेळी डोकं विचारत बसत नाही, मनू. पाय आपलं शिकलेलं करतो. तुझ्या पायानं तुझं केलं, माझ्यानं माझं. टपरीवर मी मोठ्या तोंडानं सांगितलं, मूळ म्हणजे हे आणि ते. ते माझ्या पायाचं मूळ. तुझ्या पायाचं नाही."

केरीवरून साखळी, साखळीवरून डिचोली, डिचोलीवरून म्हापसा. बुलेट काकांनीच चालवली, मी मागून सावकाश. म्हापशात शुक्रवारचा बाजार भरला होता. मिरच्या, सॉसेजच्या माळा, मडकी, केळी आणि वाहनांची दाटी. एरवी आम्ही बाजारात तासभर घालवला असता. त्या दिवशी लिंबू-सोडा घेऊन सरळ वागातोर गाठलं.

मेळाव्याचं वर्णन मी लांबवत नाही. हजारो मोटरसायकली एका ठिकाणी उभ्या असल्या की आपण कुठली बघावी ते कळेनासं होतं, एवढंच सांगते. केरळपासून ईशान्येपर्यंतच्या नंबरपाट्या होत्या. आणि जिथे चार माणसं उभी, तिथे तोच वाद. कुणी नव्या इंजिनाच्या बाजूचं, कुणी जुन्या आवाजाच्या. सकाळी मी त्यात मनातल्या मनात बाजू घेतली असती. संध्याकाळी मी फक्त लोकांच्या पायांकडे बघत होते.

पुण्याचे गृहस्थ भले होते. त्यांनी गाडी बसून, वाकून, टॉर्च लावून पाहिली. इंजिनाचा नंबर, चासीचा नंबर, ॲमीटर, टाकीच्या रेघा. गाडीचं प्रेम त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"अशी गाडी आता मिळत नाही," ते म्हणाले. "कॅफेच्या दर्शनी काचेजवळ ठेवतो. खाली लाकडी चौथरा, वर दिवा."

"चालवणार कोण?" काकांनी विचारलं.

"चालवायची कशाला काका? अशा गाड्या जपायच्या. टाकीतलं पेट्रोलच काढून ठेवतो, गंज नको."

काका गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मला वाटलं, शेवटचं बघून घेतायत. मग ते म्हणाले, "साहेब, एक सांगायचं राहिलं. हिचा गिअर मी डावीकडे घेणार आहे."

गृहस्थ चकित झाले. मीही झाले. कारण ही गोष्ट त्या क्षणापर्यंत काकांनाही माहीत नसावी.

"मग ती मूळची कुठे राहिली?" ते म्हणाले. "किंमत निम्मी होईल."

"होईल की," काका म्हणाले. "किंमत विकणाऱ्याला लागते."

गृहस्थ रागावले नाहीत. "बेत बदलला तर फोन करा," म्हणाले आणि आम्हाला आग्रहानं चहा पाजला.

रविवारी आम्ही चोर्ल्यानंच परतलो. काका बुलेटवर, गुडघ्याला पट्टा बांधून. त्याच वळणावर त्यांनी गाडी हळू केली, पण थांबले नाहीत.

पुढचं काम जानेवारीत झालं. जुन्या बुलेटची एक सोय आहे. तिचं इंजिन वेगळं आणि गिअरची पेटी वेगळी, दोन्ही सांगाड्यावर स्वतंत्र बसवलेली. त्यामुळे नंतरच्या डावीकडच्या पाच गिअरची पेटी तिच्यात बसवता येते. नव्या गाड्यांत सगळं एकाच कवचात असतं, तिथे असली अदलाबदल जमत नाही. म्हणजे ज्या गाडीला आपण 'बदलू नका' म्हणत बसतो, ती बदलायला जास्त तयार आहे. पेटी कोल्हापूरच्या एका जुन्या गॅरेजात मिळाली. ब्रेकचं पेडल उजवीकडे आणायला खालून आडवा दांडा न्यावा लागतो. तो काकांनी उद्यमबागेत, त्यांच्या शिष्यानं चालवायला घेतलेल्या आपल्याच जुन्या लेथवर स्वतः बनवला. तीन रविवार गेले. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात कॅलिपर, आणि मध्येच मला हाक, "हे धर. माप वाच. मोठ्यानं."

जुनी पेटी तेल लावून, पोत्यात गुंडाळून आम्ही माळ्यावर ठेवली आहे. नटबोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर खडूनं काकांच्या अक्षरात 'उजवा'. "उद्या कुणाला परत बसवायची झाली तर शोधायला नको," ते म्हणाले.

काम झाल्यावर पहिली चक्कर काकांनीच मारायची असं मी ठरवलं होतं. ते बसले. मी किक मारली. बोळाच्या तोंडाशी एक सायकलवाला आडवा आला आणि काकांनी डावा पाय दाबला. वेग नव्हता म्हणून काही झालं नाही. गाडी बंद पडली. ते उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्या गाडीवर मी शिकीन. ती नवी म्हणूनच बसतो, त्यामुळे पाय पण नवं ऐकतो. हिच्यावर बसलो की पाय पंचवीस वर्षांचा होतो. आता मी हिच्यावर बसायचं नाही."

गाडी बदलून दिली म्हणजे मला काय दिलं, ते मला त्या वेळी नीट कळलं. तोवर मी तो फक्त नटबोल्टांचा कार्यक्रम समजत होते.

आता काका मीटिअर घेऊन शनिवारी कपिलेश्वराला जातात. अजून तिला शिवणयंत्रच म्हणतात, पण परवा स्वतःहून साखळीला तेल लावताना दिसले. बुलेट माझ्याकडे आहे. पावसाळ्यानंतर पुन्हा चोर्ल्याला जायचं ठरलंय, धारवाडची ती मैत्रीणही येणार आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर एवढंच सांगते : पहाटे निघा, धुक्यात दिवा लावा, कणकुंबीला चहा घ्या आणि उतारावर गाईला पहिला मान द्या.

गिअर बदलल्यावर पहिल्यांदा पहाटे गाडी सुरू केली तेव्हा मी थोडी घाबरले होते. ॲमीटरचा काटा मधोमध आणला, लिव्हर सोडली, सगळं वजन घालून किक मारली. दुसऱ्या किकला लागली. समोरच्या घरात दिवा लागला. काकू दारात येऊन कान देऊन ऐकत राहिल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "आवाज तोच आहे की."